फलकावर खादी, हातात प्लास्टिक

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. ज्यांना राग येणार आहे त्यांनी आधी पूर्ण वाचा, मग खाली कमेंटमध्ये या. मी आहेच.

मागच्या महिन्यात दुकानावर एक ऑर्डर आली. दहा बाय सहाचा फ्लेक्स. मजकूर होता ‘प्लास्टिकमुक्त गाव अभियान’. खाली सतरा जणांचे फोटो, वर दोन नेत्यांचे. ऑर्डर घेऊन आलेला पोरगा ओळखीचाच. म्हणला, “दादा, मागं ते गोणपाटासारखं टाका ना. म्हणजे जरा पर्यावरण वाटल.”

मी टाकलं. खोटं कशाला बोलू? वीस मिनिटांत गोणपाट विणून दिलं. पोरगा खूश झाला. फ्लेक्स लागला, फोटो काढले, फेसबुकवर चढले. चौथ्या दिवशी तो फ्लेक्स एका बाजूने सुटून लोंबत होता, आणि पंधरा दिवसांनी त्याचा अर्धा तुकडा मला उकिरड्यावर अर्धवट जळालेला दिसला. प्लास्टिकमुक्तीचं गोणपाट काळं होऊन गोळा झालं होतं. खरं गोणपाट जळालं की राख होते. हे गोळा झालं.

त्या दिवसापासून डोक्यात किडा आहे, तो आज इथं काढतोय.

मी चौदा वर्षं हिंगोलीत हेच काम करतो. लग्नपत्रिका, वाढदिवस, जयंत्या, श्रद्धांजली, उद्घाटनं, निवडणुका. फोटोशॉप आणि कोरल ड्रॉ ही माझी तिफण आणि वखर. त्यामुळे हे जे लिहितोय ते बाहेरून बोट दाखवणं नाही. पहिलं बोट माझ्याकडेच आहे.

आधी सांगतो की हे कापड आम्ही ‘विणतो’ कसं, कारण बऱ्याच जणांना ते कुठून तरी डाउनलोड होतं असं वाटतं. डाउनलोडही होतं, पण ज्याला काम येतं तो स्वतः करतो. मांजरपाटाचा पिवळसर पांढरा रंग भरायचा. त्यावर अॅड नॉइज मारायचं, म्हणजे पडद्यावर वाळू सांडल्यासारखे ठिपके येतात. मग मोशन ब्लर. एका लेयरवर आडवा, दुसऱ्यावर उभा. ठिपके ओढले गेले की त्यांचे धागे होतात. वरचा लेयर मल्टिप्लाय केला की उभे आणि आडवे धागे एकमेकांत बसतात. झाला ताणा, झाला बाणा. घाई असेल तर टेक्श्चरायझर नावाचं फिल्टर आहे, त्यात कॅन्व्हास आणि बर्लॅप तयारच असतात. बर्लॅप म्हणजे आपलं तरट. आणि कापडाला चुण्या पाहिजे असतील तर करड्या रंगाचं वेगळं चित्र करून डिस्प्लेस वापरायचं. त्या चित्रात जिथं गडद तिथं कापड एका बाजूला सरकतं, जिथं फिकट तिथं दुसऱ्या बाजूला, आणि मधला करडा जागेवर राहतो. अक्षरंसुद्धा चुणीबरोबर वाकतात. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खरंच कापडावर रंगवलंय.

हे सोपं काम नाही. यात कला आहे, आणि ती आमच्या पोरांनी कुठल्या कॉलेजात न जाता यूट्यूब बघत, उस्तादाच्या शिव्या खात शिकलीय. म्हणून कुणी ‘डिझाइनवाल्यांनी वाट लावली’ असं म्हणलं तर माझं भांडण आधी त्याच्याशी आहे. पोरगा तेच करतो जे तुम्ही मागता.

आता तुम्ही काय मागता ते सांगतो. चौदा वर्षांचा अनुभव आहे.

पुढाऱ्याच्या फलकाला मागं खादी पाहिजे. अंगात टेरिकॉट असलं तरी चालतं. हळदीच्या कार्यक्रमाला तरट पाहिजे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर हळद म्हणली की तरट आणि पिवळी भुकटी हे ठरलेलंच. ३१ मेला अहिल्यादेवींची जयंती असते, तेव्हा घोंगडी पाहिजे, काळी, खरखरीत, कडेला दशा सुटलेली. लग्नाला पैठणीचा काठ. बाळाच्या बारशाला वाकळीचे ठिगळ. शेतकऱ्याच्या मोर्च्याला धोतराचं पोत किंवा फाटकं पटकं. सप्त्याला भगवं सुती कापड, वाऱ्यावर हललेलं.

जरा यादी परत वाचा. यात एकही गोष्ट अशी नाही जी आपल्या घरात नव्हती. खादी, तरट, घोंगडी, पैठणी, वाकळ, धोतर. या सगळ्या खऱ्या वस्तू आपण घराबाहेर काढल्या आणि त्यांचे फोटो प्लास्टिकवर छापून चौकात टांगले. म्हातारीची वाकळ माळ्यावर कुजतेय आणि नातवाच्या बारशाच्या फ्लेक्सला वाकळीचं टेक्श्चर लागतंय. माझी तक्रार इथून सुरू होते.

फ्लेक्स म्हणजे नेमकं काय ते बघा. मध्ये पॉलिस्टरच्या धाग्याची जाळी असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर दाबून बसवलेला असतो. कोपरा फाडून बघा, आतले धागे दिसतील. म्हणजे त्या प्लास्टिकच्या पोटात खरंच विणकाम आहे. आपण ते प्लास्टिकखाली गाडतो आणि वरून शाईने विणकामाचं चित्र काढतो. आणि त्याच पोटातल्या जाळीमुळे त्याचं पुढं काही होत नाही. पीव्हीसी वेगळं आणि पॉलिस्टर वेगळं करणं कुठल्याही भंगारवाल्याला परवडत नाही. भंगारवाला बाटली घेतो, खुर्ची घेतो, बादली घेतो. त्याच्या गाड्यावर फ्लेक्सचा गठ्ठा टाकून बघा, तो काय म्हणतो ते.

हिशोब करा. दहा बाय सहा म्हणजे साठ चौरस फूट, म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर. चौरस मीटरला २८० ग्रॅम वजनाचा फ्लेक्स धरला तर एका फलकाचं वजन दीड किलोच्या वर जातं. दुकानात आपण पन्नास ग्रॅमची कॅरीबॅग हातात घेताना इकडंतिकडं बघतो, कारण २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि दंडाची भीती वाटते. आणि दीड किलोचं प्लास्टिक चौकात, पोलिसांच्या समोर, साहेबांच्या फोटोसकट टांगतो.

कायदा आहे का? आहे, आणि त्यात गंमत आहे. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम बदलले आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली. कान कोरायच्या काड्या, फुग्याच्या काड्या, प्लेटा, पेले, सजावटीचं थर्माकोल, सगळं त्यात आहे. बॅनरही आहे. पण कुठलं? १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचं. आपल्या चौकातला नेहमीचा फ्लेक्स त्याहून बराच जाड असतो. म्हणजे पातळ प्लास्टिक लावलं तर गुन्हा, जाड लावलं तर शुभेच्छा. ज्याच्यात प्लास्टिक जास्त तोच सुटला.

जाळायचं म्हणाल तर तेही चालत नाही. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. उकिरड्यावर पेटवलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो ओल्या नाकात, घशात गेला की आम्ल होतो. अर्धवट जळण्यात डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, जी माती आणि दुधातून परत आपल्याकडंच येतात. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांतच मनाई होती आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जाळणाऱ्याला पाच हजारांचा दंड सांगितला. आपल्या जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत पहाटे शेकोटीजवळ काय काय जळतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या शेकोटीला लेकरं बसतात.

आता दुसरी बाजू. मला ठाऊक आहे खाली काय कमेंट येणार आहेत, म्हणून आधीच घेतो.

पहिली : “दादा, फ्लेक्स वाया जात नाही. सोयाबीनची गंज झाकायला, गोठ्याला, कांद्याला, झोपडीला कामी येतो.” खरं आहे. मी स्वतः घरच्या हळदीवर झाकलेला आहे, अवकाळी पावसात, एका माजी सदस्याचं तोंड वर करून. शेतकऱ्याला ताडपत्री विकत घ्यायला पैसे नसतात तेव्हा हा फुकटचा फ्लेक्स उपयोगी पडतो, हे मी नाकारत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. दोन उन्हाळे खाल्ले की तो तडकतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते शेतात राहतात. नांगरटीला, वखराला त्याच्या चिंध्या गुंततात. दुसरं, शेतकऱ्याला ताडपत्री पाहिजे असेल तर त्याला ताडपत्री द्या की. कृषी विभागाच्या योजना त्यासाठी असतात. त्याच्या गंजीची काळजी म्हणून आपण चौकात वाढदिवस साजरे करतो, असं कृपा करून सांगू नका.

दुसरी : “कापडाला खर्च जास्त.” फ्लेक्सचा चौरस फुटाचा दर आज चहाच्या पैशात मोजता येतो. कापड त्याहून महाग पडतं, हे मी धंद्यातला माणूस म्हणून मान्य करतो. पण स्वस्त पडतं म्हणूनच तर एका कार्यक्रमाला चाळीस लागतात. पूर्वी एका सभेला तीन कापडी फलक असायचे. एक बसस्टँडला, एक गांधी चौकात, एक मंचावर. सभा भरायच्याच. आज चाळीस फ्लेक्स लावून खुर्च्या रिकाम्या असतात. महाग वस्तू माणूस जपून वापरतो. फलक महाग झाला तर सतरा फोटोंचे पाच होतील, तेवढा चौक मोकळा होईल.

तिसरी : “पावसात कापड टिकत नाही.” टिकायचं कशाला आहे? कार्यक्रम एका दिवसाचा, फलक चार दिवसांचा. चार दिवसांच्या कामाला शेकडो वर्षं न कुजणारी वस्तू वापरायची ही अक्कल आपल्याला कुणी दिली? वाढदिवस संपतो, पद जातं, कधी माणूसही जातो. त्याच्या शुभेच्छा मात्र नाल्यात अडकून कयाधूकडं चालत राहतात.

चौथी, आणि ही खरी : “फ्लेक्सवर पोरांची पोटं आहेत.” हो, माझंही आहे. म्हणूनच ऐका. फ्लेक्स आला तेव्हा पेंटरची पोटं गेली. तेव्हा कुणी पोस्ट लिहिली नव्हती. ज्यांनी जुनं हिंगोली बघितलंय त्यांना आठवत असेल, रस्त्यावर आडवं बांधलेलं लाल कापड, त्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं, आणि वारा जावा म्हणून मध्ये कापलेली अर्धगोल भोकं. त्या भोकांमुळे फलक शिडासारखा फुगत नसे आणि दोर तुटत नसे. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत एक बॅनर दुचाकीवरच्या तरुण मुलीच्या अंगावर पडलं आणि मागून आलेल्या टँकरखाली ती गेली. ते वाचलं तेव्हा मला ती भोकं आठवली. सभा झाली की ते कापड पेंटरकडं परत यायचं, धुऊन पुन्हा रंगायचं, किंवा कुणाच्या तरी घरात पिशवी, झोळी, पोतेरं व्हायचं. शेवटी चूल पुसून मातीत जायचं.

ते दिवस जसेच्या तसे परत येणार नाहीत, मला तेवढी समज आहे. पण सुती कापडावर आज छपाई होते. स्क्रीन प्रिंटिंग आहे, डिजिटल छपाईही आहे. डिझाइन करायला मीच लागणार, छापायला माणूस लागणारच, आणि वर शिवायला, दुमडायला, नाडी घालायला बाया लागतील. आपल्या गावागावांत बचत गट आहेत, त्यांच्या घरात शिलाई मशीन आहे. फ्लेक्सला शिंपी लागत नाही, लोखंडी कड्या लागतात. कापडाला शिंपी लागतो.

शिंपी म्हणलं की या जिल्ह्यात पुढचं नाव सांगायची गरज नाही.

कयाधूच्या काठावरच्या नर्सीला आपण संत नामदेवांचं जन्मस्थान मानतो. शिंप्याच्या घरातला माणूस. गज, कात्री, सुई, दोरा घेऊन त्यांनी भक्तीची भाषा केली, पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. तेराव्या-चौदाव्या शतकात या मातीतल्या एका शिंप्याने कापडाची भाषा एवढी लांब नेली. आणि आज त्यांच्याच नावाच्या उत्सवाला, त्यांच्याच गावाच्या वाटेवर, आपण प्लास्टिक लावतो आणि म्हणतो, “दादा, मागं सुती कापडासारखं टाका.” मीही टाकलंय. कितीदा ते मोजलं नाही. आज मोजावंसं वाटतंय आणि लाज वाटतेय.

कापूस आपल्या रानात पिकतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव सांगितला. तो प्रत्यक्षात पदरात पडतो का, यावर वेगळी पोस्ट होईल. चार फलक कापडाचे केले म्हणून कापसाचा भाव वाढेल असलं येड्यासारखं मी बोलणार नाही. पण ज्या गावात कापूस वेचून बायांची बोटं बोंडाच्या काट्यांनी फाटतात, त्या गावाने निदान कापसाचं चित्र प्लास्टिकवर छापून ‘शेतकरी मेळावा’ लिहू नये. एवढी शरम तरी असावी.

वरूनच असं चाललंय, हेही खरं. आपल्या झेंड्याचंच बघा. शेजारी नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, जिथं राष्ट्रध्वज तयार होतो. ध्वजसंहितेत पूर्वी हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच झेंडा चालायचा. ३० डिसेंबर २०२१ ला दुरुस्ती झाली आणि पॉलिस्टरचा, यंत्रावरचा झेंडाही चालू लागला. घरोघरी तिरंगा गेला, चांगलंच झालं. पण नांदेडच्या खादीऐवजी पॉलिस्टर गेलं, त्याचं काय? झेंड्याला जर खादी जड झाली तर नगरसेवकाच्या वाढदिवसाला ती कोण विचारतो? मात्र त्या फ्लेक्सच्या मागं खादीचं टेक्श्चर सगळ्यांना पाहिजे. खादीचा मान पाहिजे, खादी नको.

माझं नेमकं भांडण याच्याशी आहे. साधा लाल फ्लेक्स लावला तर तो निदान सांगतो, मी प्लास्टिक आहे. टेक्श्चर लावलेला फ्लेक्स खोटं बोलतो. त्यातल्या धाग्याला गाठ नसते, चूक नसते. एकच चौकोन पुन्हापुन्हा चिकटवलेला असतो, जवळ जाऊन बघा, तोच ठिपका दर वीतभरावर परत येतो. खऱ्या हातमागावर दोन इंच सारखे निघत नाहीत, कारण पायाखालची पावडी दाबणारा माणूस कधी दमतो, कधी खोकतो. खरी पैठणी ओळखायची तर काठ उलटा करून बघतात, पुढून जशी नक्षी तशीच मागून. आता फ्लेक्स उलटा करून बघा. मागं पांढरं प्लास्टिक.

मग करायचं काय? नुसतं रडगाणं गाऊन उठणार नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत.

१) सरकारी कार्यक्रमापासून सुरुवात करा. जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगर परिषदा, शाळा, कृषी विभाग. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, पाचही तालुक्यांत सरकारी पैशाचा एकही फलक पीव्हीसीचा नको. यासाठी नवा कायदा लागत नाही, साहेबांची एक सही लागते. केरळने २०१९ मध्ये राज्यभर पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी आणली. तिथं निवडणुका होतात, जत्रा होतात, सिनेमेही लागतात.

२) बेकायदा फलक काढा. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये निकाल दिलाय, बेकायदा फलक हटवणं आणि गुन्हे नोंदवणं ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. मालमत्ता विद्रूपणाचा कायदा तर १९९५ चा आहे. “माणसं नाहीत, गाडी नाही” असं सांगू नका. आचारसंहिता लागली की २४ तासांत सरकारी इमारतींवरचे, ४८ तासांत सार्वजनिक जागेवरचे आणि ७२ तासांत खासगी जागेवरचे फलक उतरतात. तीच माणसं, तीच गाडी, तीच शिडी. म्हणजे तीन दिवसांत शहर स्वच्छ होऊ शकतं, हे दर निवडणुकीला तुम्हीच आम्हाला दाखवता. उरलेली वर्षं मग कुणाची भीती असते?

३) परवानगीबरोबर अनामत घ्या. फलकावर परवाना क्रमांक, काढायची तारीख आणि छापणाऱ्या दुकानाचं नाव छापायला लावा. माझ्या दुकानाचंही. कार्यक्रम झाल्यावर फलक आणून जमा केला तर अनामत परत, नाहीतर जप्त.

४) मंडळांनो, कापडाचा एक फलक करा आणि त्यावर साल लिहू नका. ‘सार्वजनिक गणेशोत्सव’ एवढंच. पाच वर्षं चालेल. दरवर्षीच्या अध्यक्षाचं नाव वेगळ्या पट्टीवर लावा, पट्टी बदला. अध्यक्षाला वाईट वाटेल, पण गणपतीला वाटणार नाही.

५) आणि फसू नका. ‘कापडी फ्लेक्स’ म्हणून जे गुळगुळीत, चकचकीत मिळतं ते बहुतेक वेळा पॉलिस्टरच असतं. एक धागा ओढून काडीला धरा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटात चुरला की भुकटी होते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. दुकानदाराला तिथंच विचारा.

आता माझ्यापुरतं. उद्यापासून फ्लेक्स बंद करतो असं मी म्हणणार नाही, कारण मशीनचा हप्ता आहे, दोन पोरं कामाला आहेत, आणि मी बंद केलं तर तुम्ही शेजारच्या दुकानात जाल. पण एक गोष्ट माझ्या हातात आहे. हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. त्या दसऱ्यापासून माझ्या दुकानात फ्लेक्सवर कापडाचं टेक्श्चर मिळणार नाही. खादी नाही, तरट नाही, घोंगडी नाही, पैठणीचा काठ नाही. फ्लेक्स पाहिजे तर सपाट रंगावर मिळेल, प्लास्टिक म्हणून. कापडाचा थाट पाहिजे तर मांजरपाटाचा तागा दुकानात आणून ठेवतोय. त्यावर छापून देईन, आणि डिझाइनचे पैसे घेणार नाही. खऱ्या कापडावर नॉइज मारायची गरज पडत नाही, माझंही काम तेवढं हलकं होईल.

काही गिऱ्हाइकं जातील, हे ठाऊक आहे. घरी सांगून झालंय. बायको म्हणाली, “आधी घरातल्या फ्लेक्सचं बघा.” आमच्या न्हाणीघराला आडोसा म्हणून लावलाय एक, २०१९ च्या निवडणुकीतला. तो उमेदवार पडला, फ्लेक्स अजून उभा आहे.

दुकानवाल्या मित्रांनो, तुम्ही माझे शत्रू नाही. पाच-सहा जण एकत्र आलो तर मांजरपाटाचे तागे ठोकात स्वस्त पडतील. ज्याला पटतंय त्याने खाली ‘मी पण’ लिहा, बसून बोलू. मंडळवाले, सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक, तुमच्या पुढच्या कार्यक्रमाचा फलक कशाचा असेल तेवढं लिहा. आणि पुढारी मंडळी, तुम्ही तर लिहाच. गाव वाचतंय.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण भांडायच्या आधी बाहेर जाऊन तुमच्या चौकातला एक फ्लेक्स हाताने चाचपून बघा. खादी लागते का ते सांगा.